मोटारीचे शिंके

अमेरिकेत कुणाच्या घरी उतरलात, तर दिवाणखान्यावरून त्या घराची परीक्षा करू नका. दिवाणखाना आल्यागेल्यासाठी असतो. यजमानाचा जीव रमतो तो गॅरेजात. तिथे मोटारी असतातच, पण बर्फ उपसायची फावडी, मुलांच्या सायकली, रंगाचे डबे, एखादा जुना रेफ्रिजरेटर आणि घरधन्याची हत्यारे असा अर्धा संसारही तिथेच मांडलेला असतो. डेट्रॉइटच्या उपनगरांत तर या खोलीला देवघराची कळा आलेली दिसते, आणि त्याला कारणही तसेच आहे.

हे शहर मोटारीवर वाढले. फोर्डची मॉडेल टी 1908 साली इथल्या पिकेट अ‍ॅव्हेन्यूवरच्या कारखान्यात जन्मली. 1913 साली जवळच्या हायलंड पार्कमध्ये मोटारींची सरकती जुळणी सुरू झाली आणि जगातल्या कारखान्यांची रीतच पालटली. वुडवर्ड अ‍ॅव्हेन्यू हा इथला हमरस्ता शहरातून निघून थेट पाँटियॅक गावापर्यंत जातो. 1909 साली त्याचा 1 मैलाचा तुकडा काँक्रीटचा केला, त्याचे कौतुक लोक अजून सांगतात. 1995 साली सुरू झालेली जुन्या मोटारींची जत्रा ऑगस्ट महिन्यात याच रस्त्यावर भरते. आपल्याकडे पालखी पाहायला बसावे तसे लोक कडेला घडीच्या खुर्च्या टाकून बसतात आणि पन्नास-साठ वर्षांच्या मोटारी नटूनथटून समोरून जातात.

पण ऑगस्ट सरला की या म्हाताऱ्यांच्या जिवाला घोर लागतो. मिशिगनचा हिवाळा कडक. रस्त्यावरचे बर्फ वितळावे म्हणून त्यावर मीठ पसरतात. मौज अशी, की या शहराच्या खालीच सुमारे 1,100 फूट खोलीवर मिठाची मोठी खाण आहे! आमटीत चवीपुरते लागणारे हे मीठ मोटारीच्या पोटाला लागले, की पत्रा पापडासारखा खाऊन टाकते. म्हणून जुनी मोटार ठेवणारा माणूस थंडीचे चार-पाच महिने तिला रस्त्याचे तोंड दाखवत नाही. मग तिला ठेवायची कुठे? रोजच्या वापराची मोटारही आतच हवी, नाहीतर सकाळी ती बर्फाखालून उकरून काढावी लागते. जमिनीवर जागा नाही, तेव्हा माणसाची नजर छताकडे जाते. घरच्या गॅरेजात मोटारीची लिफ्ट बसवण्याचे वेड इथे आहे, त्याचे मूळ हे.

माझ्या भाच्याजवळ 1966 सालची एक मस्टँग आहे. मी त्याच्याकडे होतो तेव्हा लिफ्ट घ्यायची की नाही हा प्रश्न निकालात निघाला होता. कोणती घ्यायची, यावर घरात रोज रात्री चर्चा रंगत असे. भाचेसूनबाईंनी आपले मत मात्र एका वाक्यात सांगून टाकले होते. "मामा, यंत्र कुठलंही आणा म्हणावं. पण हे खाली असताना मोटार वर राहिली पाहिजे."

तोवर भाचा जॅकने मोटार उचलून, खाली लोखंडी घोड्या लावून, पाठीवर सरपटत आत शिरत असे. वरती सुमारे 1,300 किलोंचे ओझे आणि खाली घरचा कर्ता. सूनबाईंच्या बोलण्यातली धार मला पुरती समजली.

लिफ्टचे कूळ तसे जुने. आपल्याकडच्या गॅरेजांतून अजून कुठे कुठे खड्डा दिसतो. मिस्त्री त्यात उतरतो आणि मोटार त्याच्या डोक्यावर येते. अमेरिकेत मेम्फिस गावच्या पीटर लुनाटी नावाच्या मिस्त्रीने 1925 च्या सुमारास उलटा विचार केला. माणूस खाली उतरवण्याऐवजी त्याने मोटारच वर चढवली. ही कल्पना त्याला वरखाली होणाऱ्या न्हाव्याच्या खुर्चीवरून सुचली, असे सांगतात.

आता घरगुती वापरासाठी मुख्यतः तीन तऱ्हा मिळतात. पहिली दोन खांबांची. तिचे चार हात मोटारीला पोटाखालून धरून उचलतात. चाके मोकळी लोंबतात आणि खालची सगळी बाजू कामाला खुली होते. मिस्त्री लोकांची ही आवडती. पण हात नेमक्या जागी लागले पाहिजेत आणि मोटारीचा तोल साधला पाहिजे. शिवाय सगळा भार दोन खांबांच्या बुडाशी येतो, म्हणून फरशी भक्कम हवी. दुसरी चार खांबांची. तिच्या दोन पट्ट्यांवर मोटार आपल्या चाकांनी चढते आणि तशीच वर जाते. दुसरी मोटार तिच्याखाली उभी राहू शकते. मात्र चाक काढायचे तर पट्ट्यांच्या मध्ये वेगळा जॅक लावावा लागतो. तिसरी कात्रीसारखी उघडणारी. ती जागा थोडी अडवते, पण साधारण चार फूट उचलून थांबते आणि मोटारीच्या पोटाचा मधला भाग तिच्याच सांगाड्याने झाकला जातो.

भाच्याचे मन दोन खांबांवर जडले होते. शेजारच्या घरी तशीच एक होती. शेजारी मोटारीच्या कारखान्यातून निवृत्त झालेले गृहस्थ. ते आले, आणि लिफ्टविषयी चकार शब्द न काढता टेप घेऊन भाच्याचे गॅरेज मोजू लागले. छत 10 फूट. दोन खांबांच्या बहुतेक लिफ्टना 11-12 फूट उंची लागते. मग त्यांनी खांब येतील त्या दोन ठिकाणी फरशीला बारीक भोक पाडले. अशा लिफ्टला बहुधा किमान 4 इंच जाडीचे चांगले काँक्रीट मागतात. एका जागी 4 इंच भरले. दुसऱ्या जागी 3 इंचांवर सळई मातीत गेली. म्हातारबुवांनी टेप गुंडाळला. "लिफ्ट तुम्ही निवडत नाही," ते म्हणाले, "तुमची जमीन निवडते."

मग चार खांबांचा हिशेब मांडला. मस्टँगची उंची 51 इंच, खालच्या मोटारीची 57, पट्ट्यांची जाडी 5, बेरीज 113. छत 120 इंचांवर. सात इंच शिल्लक! पण दाराचे रूळ आणि ते उघडणारी मोटर छताखाली आडवी आलेली. रूळ वर चढवायचे आणि मोटर भिंतीवर न्यायची असे ठरले. बर्फाचे पाणी बाहेर जावे म्हणून फरशीला दाराकडे उतार होता. तो खांबांखाली पत्र्याच्या चकत्या घालून भरून काढायचा होता. यंत्र 8,000 पौंड पेलणारे घ्यायचे, आणि त्यावर ऑटोमोटिव्ह लिफ्ट इन्स्टिट्यूटचे सोनेरी लेबल पाहूनच. लिफ्ट बनवणाऱ्यांची ही संस्था 1945 पासूनची. ते लेबल म्हणजे त्रयस्थाने परीक्षा घेतल्याची खूण.

म्हाताऱ्यांनी शेवटी आपल्या गॅरेजात नेऊन एक गोष्ट दाखवली. त्यांनी मोटार वर नेली आणि मग मुद्दाम किंचित खाली सोडली. दोन्ही खांबांतले लोखंडी खटके 'टक्' करून बसले. "वर नेतं ते तेल," ते म्हणाले. "पण तेलाच्या भरवशावर खाली जायचं नाही. नळी फुटू शकते. भार या लोखंडावर बसला, की मगच." मोटारीला हाताने हलवून पाहिल्याखेरीज ते स्वतःही खाली गेले नाहीत. इतकी वर्षे त्या कामात काढलेला माणूस!

पहिल्या बर्फाच्या आत भाच्याची लिफ्ट उभी राहिली. मस्टँग वर गेली, चार खटके एकामागून एक बसले, आणि खालच्या मोटारीवर तेलाचे थेंब पडू नयेत म्हणून पट्ट्यांच्या मध्ये तबके लावली गेली. मला आजीचे शिंके आठवले. मांजराच्या तोंडी लागू नये म्हणून ती लोण्याचे मडके आढ्याला टांगून ठेवी. इथले मांजर मिठाचे, एवढाच फरक.

सूनबाई दारात उभ्या राहून खटके मोजत होत्या. चौथा वाजला तशा त्या निश्चिंत मनाने आत गेल्या आणि चकलीचा घाणा तळायला घेतला.