भूल आणि गुंगी : एक नख, एक राणी
(थ्रेड)

१/ २८ जानेवारी १८४८. इंग्लंडमधील न्यूकॅसलजवळचे विनलॅटन गाव. हॅना ग्रीनर या १५ वर्षांच्या मुलीच्या पायाचे नख काढायचे होते. क्लोरोफॉर्मचा वापर सुरू होऊन जेमतेम अडीच महिने झाले होते. डॉक्टरांनी चमचाभर क्लोरोफॉर्म कापडावर ओतून तिच्या नाकाशी धरला. काही मिनिटांतच ती मरण पावली. क्लोरोफॉर्ममुळे झालेला, नोंद असलेला हा पहिला मृत्यू.

२/ मृत्यूच्या नेमक्या कारणावर वैद्यांत दीर्घकाळ वाद झाला. मात्र एक प्रश्न उरलाच : एवढ्याशा नखासाठी संपूर्ण शुद्ध हरपण्याची गरज होती काय?

३/ या प्रश्नाकडे शास्त्रीय दृष्टीने पाहणारा माणूस म्हणजे लंडनचा जॉन स्नो. पुढे कॉलऱ्याच्या संशोधनामुळे अजरामर झालेला तोच. १८४७ मध्येच त्याने ईथरच्या अमलाच्या पाच पायऱ्या मांडल्या होत्या. पहिलीवर माणूस शुद्धीत असतो. पुढे भान मंदावते, मग हालचाल थांबते, स्नायू सैलावतात. पाचवीवर श्वासच अडखळतो.

४/ ७ एप्रिल १८५३. राणी व्हिक्टोरियाच्या प्रसूतीसाठी स्नोला पाचारण झाले. घडी घातलेल्या रुमालावर, कळ येईल तेव्हाच, एका मिलिलिटरहूनही कमी क्लोरोफॉर्म तो टाकत राहिला. हे ५३ मिनिटे चालले. वेदना बोथटल्या, पण राणीची शुद्ध पूर्णपणे कधीच हरपली नाही. राजपुत्र लिओपोल्ड जन्मला.

५/ औषध तेच, पात्र तेच : एक कापड. भेद होता तो खोलीचा. आजच्या भाषेत, राणीला मिळाली ती गुंगी, म्हणजे सिडेशन. शस्त्रक्रियेसाठी देतात ती संपूर्ण भूल.

६/ आज एंडोस्कोपीसारख्या छोट्या प्रक्रियेत मिडॅझोलामसारखे औषध देतात. रुग्ण पेंगतो, पण हाक मारल्यास प्रतिसाद देतो. श्वास स्वतःच घेतो. नंतर त्याला फारसे आठवत नाही, म्हणून ‘मी पूर्ण झोपलो होतो’ असे तो सांगतो. संपूर्ण भुलीत मात्र वेदनेनेही जाग येत नाही. श्वास मंदावतो वा थांबतो. तेव्हा श्वासमार्ग आणि श्वासोच्छ्वास सांभाळणे ही भूलतज्ज्ञाची जबाबदारी ठरते.

७/ या दोहोंमध्ये भिंत नाही, उतार आहे. हलक्या गुंगीतला रुग्णही नकळत खोल घसरू शकतो. म्हणूनच किरकोळ प्रक्रियेपूर्वीही उपाशी राहायला सांगतात, बोटाला ऑक्सिजन मोजणारा चिमटा लावतात आणि केवळ रुग्णावर लक्ष ठेवणारी व्यक्ती तिथे असते.

८/ वैद्यकाच्या इतिहासात राणीचा रुमाल प्रसिद्ध झाला, कारण त्याने प्रसूतीतील वेदनाशमनाला प्रतिष्ठा दिली. हॅनाची आठवण क्वचितच निघते. वास्तविक, प्रक्रिया छोटी असली म्हणून औषध छोटे ठरत नाही, हा धडा प्रथम तिच्या मृत्यूने दिला.