निवडक मॅडोना

आमच्या घरात मॅडोनाची एकच कॅसेट होती. निळ्या-सोनेरी कव्हरची, ‘द इमॅक्युलेट कलेक्शन’. १९९३ साली ताईनं शिकवण्यांच्या पैशांतून ती आणली आणि आम्ही दोघींनी ती झिजवली. रीळ बाहेर आलं की पेन्सिल घालून गुंडाळायचं काम माझ्याकडे असे. आवाज वाढला की आई स्वयंपाकघरातून म्हणायची, “त्या बाईला जरा गप्प करा गं.”

हा संग्रह म्हणजे मॅडोनाचं सर्वोत्तम काम की नाही, यावर ताईचं आणि माझं भांडण जुनं आहे. ताईच्या मते प्रश्नच नाही. सतरा गाणी, एकही टाकाऊ नाही. “बाकीच्या अल्बमांत तीन गाणी चांगली आणि उरलेली भरती. इथे भरती काढून टाकलीय. अजून काय हवं?”

तिचं म्हणणं अगदीच चुकीचं नाही. १९९० च्या नोव्हेंबरात आलेल्या या संग्रहात गाणी साधारण काळाच्या क्रमानं लावली आहेत. ‘हॉलिडे’मधली उत्साही मुलगी ‘लिव्ह टू टेल’पर्यंत येते तेव्हा तिचा आवाज खाली उतरलेला, सावध झालेला असतो. सात वर्षांत एक गायिका कशी घडली ते सव्वा तासात कळतं. शिवाय ‘जस्टिफाय माय लव्ह’ आणि ‘रेस्क्यू मी’ ही दोन नवी गाणीही आहेत. म्हणजे नुसती जुनी भांडी घासून मांडलेली नाहीत.

पण घासली आहेत, हेही खरं. ‘क्यूसाउंड’ नावाचं तेव्हाचं नवं तंत्र वापरून गाण्यांचं मिक्सिंग पुन्हा केलं गेलं, काहींची लांबी छाटली. सहा मिनिटांचं ‘हॉलिडे’ इथे चार मिनिटांत उरकतं. १९८७ साली अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलेलं ‘हूज दॅट गर्ल’ तर घेतलेलंच नाही. म्हणजे ही नुसती हिट गाण्यांची बेरीज नाही. कोणीतरी बसून ठरवलंय, या बाईची कोणती ओळख पुढे ठेवायची.

माझी खरी तक्रार मात्र एका गाण्याच्या जागेबद्दल आहे. ‘चेरिश’. संग्रहात ते ‘एक्स्प्रेस युअरसेल्फ’नंतर येतं. एका जोरकस गाण्यानंतर एक हसरं, उन्हातलं गाणं. आम्ही त्यावर गच्चीत नाचायचो. ते मूळचं १९८९ च्या ‘लाइक अ प्रेयर’ अल्बममधलं. तो अल्बम मी सलग ऐकला तेव्हा पस्तिशी उलटली होती. त्यात आधी ‘टिल डेथ डू अस पार्ट’ येतं, मोडणाऱ्या लग्नाचं, फुटण्या-आदळण्याच्या आवाजांनी संपणारं. मग ‘प्रॉमिस टू ट्राय’, पियानो आणि व्हायोलिनांच्या साथीवर आईला उद्देशून म्हटलेलं. मॅडोना पाच वर्षांची असताना, १९६३ साली, तिची आई कर्करोगानं गेली. वय तीस. हा अल्बम करताना मॅडोनाही तिशीत पोचली होती आणि तो तिनं आईलाच अर्पण केला. ‘प्रॉमिस टू ट्राय’वर पहिली बाजू संपते. उठायचं, बाजू पालटायची, आणि मग सुरू होतं ‘चेरिश’.

आता ते गाणं नुसतं हसरं राहत नाही. रडून, तोंड धुऊन बाहेर आलेल्या माणसाच्या हसण्यासारखं होतं. सूर तेच, शब्द तेच. फक्त शेजार बदलला.

‘प्रॉमिस टू ट्राय’ संग्रहात नाही. वडिलांवरचं ‘ओ फादर’ही नाही. ते सिंगल म्हणून आलं होतं, पण अमेरिकेत विसाव्या क्रमांकापुढे सरकलं नाही.

हे सगळं पुन्हा निघालं ते गेल्या वर्षी, आईच्या वर्षश्राद्धाच्या निमित्तानं. ताई न्यू जर्सीत बसून आईचा एक व्हिडिओ करत होती. हसरे फोटो आणि नातेवाइकांनी सांगितलेले किस्से. त्यात आमचा घरगुती हिट किस्सा होताच: आईनं एकदा मॅडोनाला खिडकीतून फेकलं. कॅसेट अंगणातल्या पारिजातकात अडकली आणि रीळ फांद्यांवर लोंबत राहिलं. तेव्हापासून ‘चेरिश’ एका ठिकाणी डगमगायचं. हा किस्सा सांगून आम्ही निदान पन्नास वेळा लोकांना हसवलंय.

आईचं कपाट आवरताना साड्यांखाली मला तिचं एम.ए.चं गुणपत्रक सापडलं. बाहेरून दिलेली परीक्षा, दुसऱ्यांदा नापास. तारीख जून १९९४. कॅसेट झाडावर गेली तो आठवडा. मला पक्कं आठवतं, कारण माझी शाळा नुकती सुरू झाली होती आणि नव्या वह्यांना कव्हरं घालताना मी गाणी लावली होती. त्या दिवशी आई “गप्प करा गं” म्हणाली नव्हती. काहीच बोलली नव्हती. सरळ येऊन कॅसेट काढली होती.

ताईला फोनवर सांगितलं तर ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “हे व्हिडिओत नको गं. लोक हसायला आणि आठवण काढायला येणार. आईनं लपवलं होतं ना ते?”

बरोबर होतं तिचं. चारचौघांत आईचं कलेक्शनच लावायचं असतं. मॅडोना कोणाला पहिल्यांदा ऐकवायची असेल तर मीही तोच संग्रह देईन. त्याहून चांगली ओळख नाही. पण ओळख म्हणजे काम नव्हे. तिचं सर्वोत्तम काम मला ‘लाइक अ प्रेयर’मध्येच सापडतं, जिथे न गाजलेली गाणी गाजलेल्या गाण्यांना खेटून उभी आहेत.

व्हिडिओ छान झाला. झाडावरच्या कॅसेटला सगळे खळखळून हसले. मीही हसले.

रात्री ताईला ‘प्रॉमिस टू ट्राय’ पाठवलं आणि खाली लिहिलं, “यानंतर लगेच चेरिश लाव.” दोन दिवस उत्तर नाही. तिसऱ्या दिवशी मेसेज आला:

“त्या गुणपत्रकाचा फोटो पाठव. कुठे लावणार नाहीये. मला हवाय.”