वाशीमहून वेळासच्या किनाऱ्यावर

माझ्या सासूबाईंनी वयाच्या एकोणसत्तराव्या वर्षापर्यंत समुद्र पाहिला नव्हता. वाशीमपासून कोकण दूर आहे हे खरे. पण त्यांना अडवले ते अंतराने नव्हे. पंधरा वर्षांचा मधुमेह, वाकायला नकार देणारे गुडघे आणि दर दीड-दोन तासांनी लघवीला जाण्याची गरज, एवढे एकत्र आले की बाई प्रवासाचे नावच काढीत नाही. लग्नकार्याला जायचे झाले तरी त्या आदल्या दिवसापासून पाणी कमी करीत. मूत्रमार्गाचा संसर्ग त्यांना दोनदा झाला, तो अशाच दोन प्रवासांनंतर. आपल्याकडच्या कितीतरी स्त्रिया हेच करतात आणि घरात कोणाच्या ते ध्यानातही येत नाही. माझ्याही आले नव्हते.

महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले, तेव्हा ती बातमी वाचून ‘हौशी लोकांचे खेळ’ म्हणून मी पान उलटले होते. गेल्या मार्चमध्ये यजमानांनी पुण्याहून तशीच एक गाडी चालकासह पाच दिवसांसाठी ठरवली, तेव्हा तिचा अर्थ कळला. रात्री पलंग होणारी आसने, लहानसा फ्रीज, हात धुण्याचे भांडे आणि दाराआड कमोड, त्याच्या शेजारी धरायला दांडी. मुलांनी पलंगांवर हक्क सांगितला. सासूबाईंनी मात्र ते दार दोनदा उघडून पाहिले आणि काही न बोलता बसल्या.

ताम्हिणी घाटात धाकटीला उलट्या झाल्या. आडव्या आसनावर बसून ती चित्रांचे पुस्तक पाहत होती. तिला पुढे, रस्ता दिसेल अशा जागी बसवल्यावर माणगावपर्यंत ती सावरली. धावत्या गाडीत पलंगावर लोळायचे नाही, पट्टा लावून बसायचे, हा नियम तेथूनच कडक झाला. इन्सुलिन फ्रीजमध्ये होते, पण बर्फाच्या कप्प्यापासून दूर. एकदा गोठलेले इन्सुलिन पुन्हा वितळले तरी वापरायचे नसते.

हरिहरेश्वरला पोहोचलो तेव्हा सूर्य कलला होता. सासूबाईंनी पदर खोचला, चपला काढल्या आणि कोणाचा हात न धरता त्या पाण्याकडे चालू लागल्या. त्यांना आजवर ठाऊक असलेले मोठे पाणी म्हणजे वाशीमचे पद्मतीर्थ. लाट घोट्यांवरून परत फिरली तशा त्या मोठ्याने हसल्या. तो क्षण मोडायचे माझ्या जिवावर आले, आणि तेथेच चुकले. रात्री पांढऱ्या चादरीवर रक्ताचा डाग दिसला. टाचेत शिंपल्याचा तुकडा शिरला होता आणि त्यांना त्याचा पत्ताच नव्हता. मधुमेहात तळव्यांची संवेदना अशी हळूहळू बोथट होत जाते. जखम दुखत नाही, म्हणून ती दिसतही नाही. स्वच्छ पाण्याने धुऊन पट्टी बांधली, सकाळी श्रीवर्धनला डॉक्टरांना दाखवली. जखम उथळ होती. पुढचे सारे दिवस सुती मोजे, बंद बूट आणि रोज रात्री दिव्याखाली तळव्यांची, बोटांमधल्या सांध्यांची तपासणी. बूट म्हणताच त्यांनी तोंड फिरवले. नऊवारीखाली बूट त्यांना शोभेनात.

बागमांडल्याहून वेसवीपर्यंत गाडीसकट फेरीबोटीने सावित्रीची खाडी ओलांडली. बाणकोटचा किल्ला मागे टाकून आम्ही वेळासला आलो. नाना फडणवीसांचे हे मूळ गाव आता कासवांचे गाव म्हणून ओळखले जाते. आमच्या गाडीला मात्र त्या गावात जागा नव्हती. चिऱ्यांच्या गडग्यांमधला रस्ता इतका अरुंद, की गावाबाहेरच्या मोकळ्या जागेत थांबणे भाग पडले. मुलांचे स्वप्न वेगळे होते: सकाळी दार उघडावे आणि समोर वाळू असावी.

ते स्वप्न का पुरे करायचे नाही, हे गावातल्या एका कार्यकर्त्याने मुलांना समजावले. ऑलिव्ह रिडले जातीची मादी रात्री किनाऱ्यावर येते, वाळूत खड्डा करून शंभराच्या आसपास अंडी घालते, खड्डा बुजवते आणि त्याच रात्री समुद्रात परत जाते. साधारण पंचेचाळीस ते साठ दिवस ती अंडी वाळूच्याच उबेवर वाढतात. पिलू नर होणार की मादी, हेही त्या उबेवर ठरते. गाडीची चाके वाळूत शिरली तर खाली काय आहे ते कोणाला कळणार? शिवाय अंधारात बाहेर पडलेले पिलू उजेडाकडे ओढले जाते. समुद्रावरचे आकाश जमिनीपेक्षा उजळ असते म्हणून ते नेमके पाण्याकडे जाते. किनाऱ्यावर दिवा लागला, की ते उलटे चालू लागते. पूर्वी ही अंडी कोल्हे, कुत्रे आणि माणसेही खात. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ पासून येथे संरक्षणाचे काम सुरू केले. घरटी हलवून कुंपणात ठेवायची, पिले बाहेर आली की पाण्यापासून थोडे दूर सोडायची, म्हणजे ती स्वतः चालत जातात.

पहिल्या पहाटे सुरूच्या झाडांमधून सासूबाई काठी टेकत, बूट घालून, दर शंभर पावलांवर थांबत आल्या. कुंपणातली टोपली उचलली. खाली नुसती वाळू. संध्याकाळी पुन्हा तेच. दोनदा रिकाम्या हातांनी परतलेल्या थोरल्याने ‘यापेक्षा मोबाइलवर पाहू’ असे जाहीर केले. वाळूवर खेकड्यांनी पसरलेल्या गोळ्यांची नक्षी पाहण्यातही त्याला रस उरला नव्हता. दुसऱ्या दिवशी आम्ही निघणार होतो. त्या पहाटे मात्र सासूबाईच सर्वांआधी उठल्या. मोजे स्वतः चढवले, चहाबरोबर दोन बिस्किटे खाल्ली, कारण रिकाम्या पोटी चालून साखर उतरायला नको, आणि म्हणाल्या, “चाला, आज पाहूनच जाऊ.”

त्या दिवशी टोपलीखाली अकरा पिले होती. तळहातावर मावतील एवढी, राखी, ओली. दोरीपलीकडे लोक शांत झाले. पिले वाळूत रेघा ओढत निघाली. एकाला लाटेने उलथे केले, ते पुन्हा उलटले, पुन्हा निघाले. सासूबाई खुर्चीवर पुढे झुकून बसल्या होत्या. त्यांनी विचारले, “याह्यची माय कुठी हाये?”

मी सांगितले, ती दोन महिन्यांपूर्वीच गेली. त्या बराच वेळ बोलल्या नाहीत. त्यांचे माहेर कारंजाजवळचे. सोहोळचे काळविटांचे अभयारण्य होण्याच्या कितीतरी आधीपासून त्यांनी हरभऱ्याच्या रानात काळविटांचे कळप पाहिलेले. “हरनी बी पाडसाले गवतात लपवते,” त्या शेवटी म्हणाल्या, “पन थे दूध पाजाले फिरून येते.” थोरल्याने आजीला गुहागरच्या बागेश्री नावाच्या मादीची गोष्ट सांगितली. २०२३ मध्ये तिच्या पाठीवर उपग्रहाला संदेश देणारे यंत्र बसवले आणि ती श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात गेली. “मंग येईन थेही कवातरी,” एवढेच त्या म्हणाल्या.

मुरुड-कर्द्याला डॉल्फिन दिसले, लांबून, राखाडी पाठी पाण्यावर येऊन जाणाऱ्या. होड्या त्यांचा पाठलाग करतात ते मला रुचले नाही. आम्ही किनाऱ्यावरूनच पाहिले.

अशी गाडी स्वस्त नाही, हे सांगायला हवे. कमोडखालची टाकी कोठे रिकामी करायची, हे निघण्याआधी विचारून घ्यावे. खाडीत किंवा माडांच्या बागेत ती ओतणारे आहेत असे ऐकले, आणि मग कासवांच्या नावाने हळहळण्यात अर्थ नाही. ज्यांना ती परवडत नाही त्यांनी घडीची कमोडखुर्ची गाडीत टाकावी आणि मुक्कामाच्या घरी आधी फोन करून तळमजल्यावर पाश्चात्त्य पद्धतीचे शौचालय आहे का, एवढे विचारावे.

पुण्याहून परतीला आमची नेहमीचीच मोटार होती. ना फ्रीज, ना दाराआडचे कमोड. जालन्याच्या पुढे ऊन तापले होते. सासूबाईंनी बाटली तोंडाला लावून पोटभर पाणी प्याले. थोड्या वेळाने पुढे वाकून त्यांनी मुलाच्या खांद्यावर हात ठेवला आणि साऱ्यांना ऐकू जाईल असे म्हणाल्या, “पंपापाशी गाडी थांबव बापू, मले जाचं हाये.”