क्रीडांगण आणि सरकारी तिजोरी

खेळ म्हणजे मुलांचा छंद आणि मोठ्यांचा रिकामपणचा उद्योग, अशी आपल्या सुशिक्षित वर्गाची समजूत फार दिवसांची आहे. आणि आपल्या राज्यघटनेनेंहि ती नकळत उचलून धरली आहे असें दिसतें. घटनेच्या सातव्या परिशिष्टांत राज्यांकडे सोंपविलेल्या विषयांची जी सूची आहे, तिच्यांतील ३३ व्या नोंदींत प्रथम नाटकगृहें व नाट्यप्रयोग, मग चित्रपट, आणि त्यांच्या मागोमाग खेळ, करमणूक व मनोविनोद असा क्रम लागला आहे. सार्वजनिक आरोग्याची नोंद निराळी, शिक्षणाची निराळी. खेळ मात्र करमणुकीच्या पंगतीला बसविला आहे. हिशेबाच्या वहींत एखादी गोष्ट ज्या पानावर पडते त्या पानाच्या मानानेंच तिला पैसा मिळतो. करमणुकीवर सरकारनें कर घ्यावा, तिच्यासाठीं खर्च कां करावा, असा विचार कारभाऱ्यांच्या मनांत आला तर त्यांत नवल तें काय?

आमच्या मतें ही नोंद मुळांतच चुकीच्या पानावर पडली आहे. गांवास पाणी, शाळा व दवाखाना पुरविणें हें जसें सरकारचें कर्तव्य, तसेंच खेळण्यास मोकळी जागा व खेळ शिकविणारा जाणता मनुष्य पुरविणें हेंहि सरकारचें कर्तव्य होय; आणि तें सध्यां फार हात राखून बजावलें जात आहे. महाविद्यालयांत शिकवितांना दरवर्षीं पावसाळ्याच्या आरंभीं नवीं मुलें आमच्यापुढें येऊन बसतात. त्यांतील कित्येकांनीं दहावी-बारावीच्या वर्षांत मैदानाचें तोंड पाहिलेलें नसतें, आणि कांहींच्या शाळेस मैदान म्हणून कांहीं नव्हतेंच. अठराव्या वर्षीं जिना चढतांना ज्यांना धाप लागते त्यांना आम्ही शेक्सपिअरच्या नाटकांतील वीरांचीं स्वगतें समजावून सांगत असतों!

महाराष्ट्रांत खेळाला आश्रय कधीं नव्हताच असें मात्र नाहीं. कोल्हापुरास शाहू महाराजांनीं खासबागेचें कुस्तीचें मैदान बांधविलें, तालमींस व मल्लांस उदार हस्तें साह्य केलें. अमरावतीचें हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ, पुण्याचा डेक्कन जिमखाना यांसारख्या संस्था लोकांच्या उत्साहावर उभ्या राहिल्या. १९२० सालीं अँटवर्पच्या ऑलिंपिक सामन्यांस हिंदी खेळाडूंचा पहिला चमू गेला, तेव्हां सर दोराबजी टाटा यांनीं त्यासाठीं पदरचा पैसा घातला. १९४८ सालीं खाशाबा जाधव लंडनच्या सामन्यांस गेले व आपल्या वजनगटांत सहावे आले, तेंहि कोल्हापूरच्या महाराजांच्या साह्यानें. पुढें १९४९ सालीं संस्थान विलीन झालें. राजा गेला व त्याचा आश्रयहि गेला. आणि राजाच्या जागीं जें लोकांचें सरकार आलें, त्यानें राजाचीं इतर कामें उचललीं, पण हें एक काम नीट उचललें नाहीं.

त्याचा परिणाम तीन वर्षांतच दिसून आला. १९५२ सालीं हेलसिंकीस जाण्यासाठीं त्याच खाशाबांना दारोदार वर्गणी मागावी लागली, आणि एका प्राचार्यांनीं स्वतःचें घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले, ही हकीकत महाराष्ट्रांत सर्वश्रुत आहे. खाशाबांनीं तेथें कांस्यपदक मिळविलें. स्वतंत्र भारताच्या खेळाडूनें ऑलिंपिकमध्यें वैयक्तिक रीत्या मिळविलेलें तें पहिलें पदक होय. आमच्या व्यवसायबंधूच्या या औदार्याचा आम्हांस अभिमान वाटतो. तथापि ज्या राष्ट्राचें निशाण परदेशांत फडकावयाचें, त्या राष्ट्राच्या तिजोरीला कुलूप असावें आणि एका शिक्षकाच्या घराचीं कागदपत्रें सावकाराच्या पेटींत जावींत, यांत अभिमान वाटण्यासारखें कांहीं नाहीं. औदार्याच्या कथा आपण मोठ्या प्रेमानें सांगतों, परंतु त्या कथा घडण्याचें कारण काय, हें विचारावयाचें विसरतों.

यापुढील इतिहास थोडक्यांत सांगतां येईल. वैयक्तिक पदकासाठीं देशाला पुन्हां ४४ वर्षें, म्हणजे १९९६ सालच्या लिअँडर पेस यांच्या कांस्यपदकापर्यंत, वाट पाहावी लागली. महाराष्ट्राला तर ७२ वर्षें थांबावें लागलें. २०२४ सालीं पॅरिस येथें स्वप्निल कुसाळे यांनीं रायफल नेमबाजींत कांस्यपदक मिळविलें. हेहि कोल्हापूर जिल्ह्यांतीलच, कांबळवाडी या लहान गांवचे. दोघांच्या घरच्या परिस्थितींत फारसें अंतर नसेल. अंतर आहे तें वाटेंत. कुसाळे लहान वयांत राज्य सरकारच्या क्रीडाप्रबोधिनींत दाखल झाले व पुढें त्यांना रेल्वेची नोकरी मिळाली. नेमबाजीसारखा खेळ, ज्यांत रायफल महाग, काडतुसें महाग व सरावाची जागा दुर्मिळ, तो खेड्यांतील एका मुलाला साधला, याचें श्रेय त्याच्या जिद्दीला आहेच, पण ती प्रबोधिनी नसती तर ती जिद्द कोठें उतरली असती?

हाच नियम इतरत्रहि लागू पडतो. १९७२ सालीं हायडेलबर्गच्या अपंगांच्या सामन्यांत पोहण्याच्या शर्यतींत सुवर्णपदक मिळविणारे मुरलीकांत पेटकर लष्करांतले. बीड जिल्ह्यांतील मांडव्याच्या शेतकरी कुटुंबांतून निघून, २०२३ सालच्या हँगझोच्या आशियाई सामन्यांत तीन हजार मीटरच्या अडथळ्यांच्या शर्यतींत सुवर्णपदक पटकावणारे अविनाश साबळे हेहि लष्करांतलेच. म्हणजे सरकार कोणत्या ना कोणत्या वेषांत, कधीं शिपायाच्या तर कधीं रेल्वेच्या गणवेषांत, खेळाडूपर्यंत पोंचलें, तेथें मनुष्य उभा राहिला. पण लष्करांत वा रेल्वेंत शिरेपर्यंत मुलगा अठरा-वीस वर्षांचा होतो, आणि मुलींपैकीं फारच थोड्या तेथवर पोंचतात. जे पोंचले त्यांचीं नांवें आपणांस ठाऊक आहेत. जे पोंचले नाहींत त्यांची मोजदाद कोणीं ठेवावी?

आतां तिजोरीकडे वळूं. २०२५-२६ च्या केंद्रीय अंदाजपत्रकांत युवककल्याण व क्रीडा या दोहोंसाठीं मिळून सुमारें ३,७९४ कोटि रुपये ठेविले आहेत. आंकडा कानाला मोठा लागतो. परंतु एकंदर अंदाजपत्रक सुमारें ५० लक्ष ६५ हजार कोटींचें आहे. म्हणजे सरकारच्या शंभर रुपयांतून या खात्याच्या वांट्याला साडेसात पैसे येतात, आणि देशांतील प्रत्येक मनुष्यामागें वर्षाला सव्वीस-सत्तावीस रुपये पडतात. राज्यें आपापल्या परीनें निराळा खर्च करितात हें खरें. पण सव्वीस रुपयांत मुलाला एक बरा चेंडूहि येत नाहीं, हेंहि तितकेंच खरें.

शिवाय जो पैसा खर्च होतो त्याची वेळहि चुकते. पदक आलें कीं बक्षीस जाहीर होतें, सत्कार होतो, मोटारगाडी मिळते. राज्य सरकारनें खेळाडूंसाठीं नोकऱ्यांत पांच टक्के जागा राखून ठेविल्या आहेत, व शालान्त परीक्षेंत सवलतीचे गुणहि दिले जातात. या गोष्टी वाईट आहेत असें आमचें म्हणणें नाहीं. परंतु हें सर्व फळ लागल्यानंतर झाडाला पाणी घालण्यासारखें आहे. रोप दोन पानांचें असतांना त्याच्या मुळाशीं कोणीं ओंजळभर पाणी घातलें नाहीं, म्हणून जीं रोपें सुकून गेलीं त्यांना बक्षिसांचा काय उपयोग?

येथें एक आक्षेप निघेल, आणि तो निघावा हें योग्यच आहे. कोणी म्हणेल, ज्या देशांत दवाखान्यांत खाटा अपुऱ्या आहेत व शाळांचीं छपरें गळत आहेत, तेथें खेळांवर पैसा उधळणें ही चैन नव्हे काय? खेळ ही खरोखरच करमणूक असती तर आम्हींहि होय म्हटलें असतें. पण २०२२ सालच्या स्थितीविषयीं जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनीं जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यावरून भारतांतील प्रौढांपैकीं जवळजवळ निम्म्यांना शरीरास जरूर तेवढी हालचाल घडत नाहीं. पुरुषांत हें प्रमाण शेंकडा ४२, तर स्त्रियांत ५७ आहे. मधुमेहाचे रोगी देशांत दहा कोटींवर गेल्याचा अंदाज २०२३ सालीं प्रसिद्ध झाला आहे. दवाखान्याचा खर्च ज्यांना भेडसावतो त्यांनीं हे आंकडे आधीं वाचावे. खाट रिकामी ठेवण्याचा जो उपाय आहे त्यालाच खाटेचा प्रतिस्पर्धी समजणें हा कसला काटकसरीपणा?

आइसलंड या चिमुकल्या देशाचें उदाहरण या बाबतींत विचार करण्यासारखें आहे. १९९८ च्या सुमारास तेथील पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांत मद्यपानाचें व्यसन इतकें माजलें होतें कीं, शेंकडा चाळिसांहून अधिक मुलें महिन्याभरांत एकदां तरी झिंगलेलीं असत. सरकारनें व नगरपालिकांनीं आईबापांना हाताशीं धरलें, आणि खेळ, संगीत व इतर छंदांसाठीं पैसा पुरविला. वर्गणी भरण्याची ऐपत नसलेल्या घरांनाहि मदत दिली. २०१६ पर्यंत तें प्रमाण शेंकडा पांचांवर आलें. तीनचार लाख वस्तीच्या या देशाचा फुटबॉलचा संघ २०१८ सालच्या जागतिक सामन्यांस पात्र ठरला, तो वरकड लाभ. आमच्या शहरांतून तरुणांच्या व्यसनांविषयीं व्याख्यानें पुष्कळ होतात. सायंकाळीं पांच ते सात या वेळांत त्या तरुणांनीं जावें कोठें, हें मात्र व्याख्याते सांगत नाहींत.

पैसा ओतला कीं काम झालें, असें मात्र आम्ही म्हणत नाहीं. पैसा ज्या वाटेनें सोडावा त्याच वाटेनें वाहतो. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्यें ब्रिटनला एकच सुवर्णपदक मिळालें. तेव्हां त्या सरकारनें राष्ट्रीय लॉटरीचा पैसा निवडक खेळाडूंच्या तयारीकडे वळविला. २००० सालीं सुवर्णपदकें ११ झालीं, २०१२ सालीं २९. परंतु लंडनच्या सामन्यांनंतर सामान्य जनता मोठ्या संख्येनें खेळूं लागेल अशी जी आशा दाखविली होती, ती त्या प्रमाणांत सफळ झाली नाहीं. पदकांसाठीं सोडलेल्या पाण्यानें पदकें पिकलीं; मोहल्ल्यांतील मैदान कोरडेंच राहिलें. कानडाची गोष्ट याहून बोलकी आहे. मॉन्ट्रिअल येथें १९७६ सालीं जें प्रचंड क्रीडागार बांधलें, त्याचें कर्ज फिटावयास २००६ साल उजाडलें, आणि त्या सामन्यांत यजमानांना एकहि सुवर्णपदक मिळालें नाहीं. २०३० चे राष्ट्रकुल सामने अहमदाबादेस भरवावयाचे ठरले आहेत व त्यापुढें ऑलिंपिकवर डोळा आहे, अशा वेळीं या दोन्ही गोष्टी आपल्या कारभाऱ्यांनीं डोळ्यांपुढें ठेवाव्या.

उलट ओरिसा राज्यानें काय केलें पाहा. तें राज्य श्रीमंत नव्हे. २०१८ पासून त्यानें राष्ट्रीय हॉकी संघांचा भार आपल्या शिरावर घेतला व मैदानेंहि बांधलीं. ४१ वर्षें ऑलिंपिक पदकावांचून राहिलेल्या पुरुषांच्या संघाला २०२१ मध्यें टोकियो येथें कांस्यपदक मिळालें व २०२४ मध्यें पॅरिस येथें तें पुन्हां मिळालें. एका राज्यानें एक खेळ मनावर घेतला तर हें होऊं शकतें. महाराष्ट्रानें कुस्ती, खो-खो व कबड्डी हे आपल्या मातींतले खेळ याच निष्ठेनें कां घेऊं नयेत? २०२५ च्या जानेवारींत दिल्लीस झालेल्या खो-खोच्या पहिल्या जागतिक स्पर्धेंत भारताच्या दोन्ही संघांचे कर्णधार महाराष्ट्राचेच होते. तरी त्या खेळाला लागणारी थोडकी जागासुद्धां अनेक शाळांपाशीं नाहीं.

सरकारकडे मागावयाचें तें अवघड नाहीं. २००९ च्या शिक्षणहक्काच्या कायद्यानें प्रत्येक शाळेस क्रीडांगण असलें पाहिजे असें सांगितलेंच आहे. तें कागदावरून जमिनीवर आणावें. शाळेंत खेळाचा शिक्षक नेमावा, आणि त्याला जनगणनेच्या व निवडणुकीच्या कामास न जुंपतां मैदानावर राहूं द्यावें. शाळेचें मैदान सायंकाळीं गांवाला खुलें करावें. मुलींसाठीं ठराविक वेळ, दिवाबत्ती, कपडे बदलण्याची खोली व स्वच्छतागृह असावें. कारण यांतील एक नसलें तरी बाराव्या-तेराव्या वर्षीं मुलगी मैदानावरून घरीं जाते ती परत येत नाहीं. शहरांत खेळासाठीं राखलेली जागा मंडपाला, मोटारींना वा इमारतीला देण्यास बंदी असावी. आणि दिलेल्या प्रत्येक रुपयाचा हिशेब गांवाच्या चावडीवर लागावा. क्रीडासंघटनांतील भाऊबंदकीनें पुष्कळ पैसा वाया गेला आहे. २०२५ सालीं झालेल्या क्रीडा-प्रशासनाच्या कायद्यानें तिला कितपत आळा बसतो तें दिसेलच. परंतु चोरीच्या भयानें घरांत धान्यच भरावयाचें नाहीं, हा शहाणपणा कोणी गृहस्थ करीत नाहीं.

शेवटीं दोन शब्द आमच्या वाचकांस. सरकार तेंच देतें जें मतदार मागतो, आणि मागणी करण्याचें बळ आपल्या मध्यम वर्गापाशीं आहे. शाळेंत नांव घालतांना आपण निकालाचे टक्के विचारतों, संगणक किती आहेत तें विचारतों, बस दारापर्यंत येते कीं नाहीं हेंहि विचारतों. मैदान कोठें आहे व तेथें मुलें रोज किती वेळ असतात, हा प्रश्न कितीजण विचारतात? ज्यांची ऐपत आहे ते पैसे मोजून पोहण्याच्या तलावाचें सभासदत्व घेतात व स्वस्थ बसतात. पण आपल्या मुलाशीं शर्यत लावावयाला ज्या मुलानें यावयाचें, तो तलावाच्या कुंपणाबाहेर उभा आहे. त्याला आंत घेण्यास एकट्यादुकट्याचें औदार्य पुरणार नाहीं. त्यासाठीं सर्वांच्या करांतून भरलेली तिजोरीच उघडली पाहिजे, आणि ती उघडा असें मोठ्यानें सांगणें हें आपलें काम आहे.