अर्धं पाऊल मागे

आईने आयुष्यात विडी-सिगारेटला हात लावला नाही, तरी तिला सीओपीडी हा फुप्फुसांचा आजार निघाला. चाळीस वर्षं धुराडं नसलेल्या स्वयंपाकघरात ओली लाकडं, गोवऱ्या आणि हातात फुंकणी. औषधाचा पंप सुरू झाला, तरी न्हाणीघरापर्यंत गेलं की धाप लागायची. आम्ही मायेने म्हणायचो, "तू बस, मी आणते." ताट जागेवर, पाणी जागेवर. सहा महिन्यांत तिला खुर्चीतून उठायलाही आधार लागू लागला.

फिजिओथेरपीच्या ताईंनी पहिल्या दिवशी तिच्या मांड्या चाचपल्या आणि मला म्हणाल्या, "फुप्फुसं गेली तेवढी गेली. पण पाय तुम्ही बसवून घालवलेत. ते परत आणता येतील. कमकुवत स्नायूंनी चाललं की लवकर धाप लागते, धाप लागते म्हणून माणूस बसतो, बसला की पाय आणखी बारीक होतात." तेव्हा मला राग आला. आज त्याच बोलण्याचं ऋण सगळ्यात मोठं वाटतं.

तीस मीटरच्या व्हरांड्यात सहा मिनिटं चालण्याची चाचणी झाली. आई दोनदा थांबली. १८० मीटर भरले. मग आठवड्यातून तीन दिवस चालणं, उठबस, हातात वाळूच्या पिशव्या. बोटाला ऑक्सिमीटर, आकडा ८८ च्या खाली गेला की विसावा. धाप शून्य ते दहात सांगायची होती, आई आण्यांत सांगायची. ताईंनीही वहीत आणे लिहिले: आठ आणे धाप चालेल, बारा आणे झाली की बसायचं.

ओठ आवळून श्वास सोडणं तिला जमेना. ताई म्हणाल्या, "आजी, फुंकणी आठवा. पण राख उडवायची नाही, निखारा नुसता फुलवायचाय." आईने ओठांचा चंबू केला आणि श्वास लांब, संथ बाहेर गेला. ज्या फुंकणीपायी छातीत धूर भरला, तिच्याच सवयीने तिला श्वास सोडायला शिकवलं.

आठ आठवड्यांनी आई न थांबता २५५ मीटर चालली.

सरावाला ताई नेहमी तिच्या अर्धं पाऊल मागे असायच्या. मी विचारलं, तर म्हणाल्या, "पुढे चाललं तर आजी माझी चाल धरतील. त्यांची त्यांना सापडू दे."

आता रोज संध्याकाळी आई अंगणात फेऱ्या घालते. "बस" हा शब्द मी गिळते आणि तिच्या अर्धं पाऊल मागे चालते.