दुधाची पत

कतारमध्ये कुणाला पगार विचारायची सोय नाही. (आपल्याकडे कोकणकन्येत समोर बसलेला गृहस्थ पनवेल यायच्या आत विचारून मोकळा होतो.) पण माहिती हवीच असेल, तर शुक्रवारी सकाळी दोह्यातल्या कुठल्याही हायपरमार्केटमध्ये बिलाच्या रांगेत उभं राहावं आणि पुढच्या ट्रॉलीत दूध कुठलं आहे ते बघावं.

दूध पावडरचा मोठा डबा आणि आटवलेल्या दुधाचे दोन-चार छोटे डबे असतील, तर गडी खोलीत सहा-आठ जणांबरोबर राहणारा. ताज्या दुधाची दोन लिटरची बाटली, दह्याची बादली आणि वर आट्याची दहा किलोची पिशवी असेल, तर आपल्यासारखं मध्यमवर्गीय देशी कुटुंब. युरोपातून आलेलं सेंद्रिय दूध असेल, तर कंपनीने घरभाडं दिलेला साहेब. आणि ओटच्या किंवा बदामाच्या दुधाची खोकी, त्यातही ज्यावर 'बरिस्ता' लिहिलंय तीच, असतील तर पत्ता बहुधा पर्लचा. पर्ल म्हणजे समुद्रात भराव घालून केलेलं बेट. तिथल्या धक्क्याला लोकांच्या स्वतःच्या नौका बांधलेल्या असतात.

तुम्ही म्हणाल, हे कुठेही असतंच की. असतं. पण इथे 'स्टेटस' हा शब्द नुसता टोमणा मारायला नसतो, सरळ नोकरीच्या बोलण्यात असतो. 'फॅमिली स्टेटस' म्हणजे बायकामुलांना आणायची मुभा. त्यासाठी पगार ठराविक रकमेच्या वर लागतो. 'बॅचलर स्टेटस' म्हणजे एकट्याने राहायचं. मग गावी तीन मुलं आणि एक सून असली तरी इथे तुम्ही बॅचलरच! जिथे माणसाची पायरी व्हिसावरच ठरते, तिथे ती ट्रॉलीत दिसली नाही तरच नवल.

आता ओटच्या दुधाबद्दल. मी पीएचडी केली ती स्वीडनमधल्या लुंडला. हे दूध तिथलंच लेकरू. लुंड विद्यापीठातले रिकार्ड ओस्ते नावाचे संशोधक दुधातल्या साखरेवर, म्हणजे लॅक्टोजवर, आणि ते न पचणाऱ्या लोकांवर काम करत होते. त्यांनी ओट पाण्यात भिजवून, दळून, त्यावर विकर सोडले. विकर स्टार्च तोडतात, त्यातून माल्टोज ही साखर तयार होते, मग गाळून घेतलं की पांढरट गोडसर द्रव उरतो. १९९४ मध्ये त्याची कंपनी निघाली, तीच पुढे ओटली म्हणून जगभर गेली. मी तिथे होतो तेव्हा आमच्या विभागाच्या फ्रीजमध्ये गाईच्या दुधाच्या शेजारी ओटचं खोकं असायचं. ज्याला जे हवं ते तो कॉफीत घालायचा. कुणी कुणाच्या कपाकडे बघत नसे.

दोह्यात आल्यावर तेच खोकं मला कपाटात काचेपलीकडे ठेवलेल्या वस्तूसारखं भेटलं. इथल्या ताज्या दुधाच्या दुपटीहून जास्त किंमत, आणि कॅफेत ते हवं असेल तर कॉफीवर आणखी काही रियाल. ऑफिसातला एक सहकारी ऑर्डर देताना 'ओट मिल्क' हे दोन शब्द बाकीच्या वाक्यापेक्षा जरा मोठ्याने म्हणतो. (सगळ्यांच्या ऑफिसात असा एक असतो.)

खोक्याच्या मागची बारीक अक्षरं वाचायची मला सवय आहे. ओट: १० टक्के. बाकी मुख्यतः पाणी, थोडं तेल, मीठ, कॅल्शियम. शंभर मिलिलिटरमध्ये प्रथिनं साधारण एक ग्रॅम. गाईच्या दुधात तीनाहून जास्त. बदामाच्या दुधात तर बदाम बऱ्याचदा दोन-तीन टक्केच. आमच्या चिपळूणच्या गवळ्याने एवढं पाणी घातलं असतं तर त्याची काय पूजा झाली असती! पण हेही खरं, की जगातल्या सुमारे दोन तृतीयांश मोठ्या माणसांना लॅक्टोज नीट पचत नाही, आपण भारतीय त्यात भरपूर आहोत, आणि कार्बनच्या हिशेबात ओट गाईपेक्षा कितीतरी हलका. म्हणजे वस्तूत खोट नाही. लुंडमध्ये ज्याला पथ्य म्हणायचे त्याला दोह्यात ऐट म्हणतात, एवढंच. मध्ये बदललं ते फक्त गाव.

उलटा प्रवास बघायचा असेल तर 'करक' बघा. करक म्हणजे आपला कडक. आपल्या उपखंडातल्या कामगारांनी आखातात आणलेला चहा: भरपूर उकळलेली पत्ती, वेलची, साखर आणि डब्यातलं आटवलेलं दूध. डब्यातलं का, तर ते उन्हात नासत नाही आणि फ्रीज लागत नाही. गरजेपोटी आलेली चव हळूहळू 'खरी' चव झाली. आज संध्याकाळी टपरीसमोर मोठमोठ्या लँड क्रूझर उभ्या राहतात, आतून हॉर्न वाजतो आणि मल्याळी किंवा नेपाळी पोरगा धावत जाऊन एक-दोन रियालचा कप काचेतून आत देतो. कतारा या सांस्कृतिक वसाहतीत 'चपाती अँड करक' नावाचंच दुकान आहे आणि तिथे रांग असते ती कतारी कुटुंबांची. पंचतारांकित हॉटेलंही करक देतात. तेव्हा खालचं दूध वर चढतं, वरचं दूध दुसऱ्या गावात खालचं असतं. मग ही पायरी नेमकी कशाची?

याचं उत्तर मला, निदान माझ्यापुरतं, २०१७ च्या गोष्टीत सापडलं. मी इथे आलो २०१९ मध्ये. पण ही गोष्ट इथे राहणाऱ्या प्रत्येकाने मला एकदा तरी सांगितली आहे. ५ जून २०१७ ला, ऐन रमझानात, सौदी अरेबिया, अमिराती, बहारीन आणि इजिप्तने कतारशी संबंध तोडले. कतारला जमिनीची सीमा एकच, सौदीची. ती बंद झाली. देशाचं सुमारे ४० टक्के अन्न त्या रस्त्याने यायचं, आणि दूध तर बव्हंशी सौदीचंच, अल्मराई कंपनीचं. पहिल्या दिवशी लोकांनी ट्रॉल्या भरभरून सामान नेलं. थोड्याच दिवसांत विमानाने तुर्कस्तानचं दूध आलं. बाटलीवरचं तुर्की कुणाला वाचता येईना; ताक समजून दही आणि दही समजून भलतंच घरी नेल्याच्या गमती लोक अजून सांगतात.

आणि मग गाई उडाल्या! मुताझ अल-खय्यात या उद्योगपतींनी सुमारे चार हजार गाई विमानाने आणायचं जाहीर केलं. ११ जुलै २०१७ ला १६५ होल्स्टाइन गाईंची पहिली तुकडी बुडापेस्टमार्गे कतार एअरवेजच्या मालवाहू विमानातून दोह्यात उतरली. दोह्याच्या उत्तरेला, अल खोरकडच्या वाळवंटात, थंड केलेल्या गोठ्यांत त्यांची सोय झाली. पुढे जहाजांनी आणखी आल्या. आज तिथे वीस हजारांहून जास्त गाई आहेत. बाहेर पारा ४५ च्या पुढे आणि आत पंखे, पाण्याचे फवारे, गोल फिरणाऱ्या चकतीवर उभं राहून दूध देणाऱ्या गाई. इंजिनीयर म्हणून बघायला मजा येते. विजेचं बिल मनात आलं की जरा कमी येते. कंपनीचं नाव बलदना, अर्थ 'आमचा देश'. डिसेंबर २०१९ मध्ये तिचे शेअरही बाजारात आले.

निव्वळ हिशेबाने विमानातून गाय आणणं कुणाला परवडेल? आयात दूध सोपं पडलं असतं. तुर्कस्तानचं येतही होतं. पण शेजारी टपून बसलेला असताना भिंतीपलीकडे ऐकू जाईल असं म्हणायचं होतं, "आमचं बरं चाललंय." त्या वर्षी गाड्यांवर अमिराचं रेखाचित्र आणि घराघरांत बलदनाची बाटली आली, ती त्यासाठीच. ५ जानेवारी २०२१ ला सौदीतल्या अल-उला गावी समेट झाला, रस्ता उघडला. बाटली मात्र आजही लोक जराशा मानाने उचलतात.

'आमचं बरं चाललंय' हे वाक्य ओळखीचं वाटलं, कारण ते मी लहानपणी चिपळूणला डब्यावर वाचलंय.

आमच्याकडे खेड, दापोली, श्रीवर्धनच्या पट्ट्यात आखातात गेलेला माणूस नाही असं गाव विरळा. सत्तरच्या दशकापासून लोक जाताहेत. माणूस सुट्टीवर आला की घरात ठराविक वस्तू यायच्या: टँगची बरणी, खजूर, जाड ब्लँकेट, आणि निडोचा पिवळा डबा. दूध पावडरचा! दारात म्हैस रवंथ करत असायची आणि शोकेसमध्ये, परदेशी कपबशांच्या शेजारी, निडो. पाहुण्यांना त्याचा चहा व्हायचा. डबा संपला तरी टाकत नसत. त्यात आमसुलं नाहीतर कुळथाचं पीठ, आणि नाव दिसेल अशी बाजू पुढे.

तोच डबा दोह्यात पार तळाच्या पायरीवर. तो ट्रॉलीत दिसला की बॅचलर, हे मी वर सांगितलंच.

दोन वर्षांमागे रांगेत माझ्या पुढे असे दोन मोठे डबे घेतलेले एक गृहस्थ होते. पन्नाशीचे, इंडस्ट्रियल एरियात राहणारे. फोनवर बोलत होते ते ऐकून मी विचारलं, "काका, खेडचे का?" गाव निघालं, ओळख निघाली (कोकणात ती निघतेच). पंधरा दिवसांनी घरी जाणार होते. मी म्हटलं, "आता हे सगळं चिपळूणच्या दुकानात मिळतं की. इथून ओझं कशाला?"

"मिळतंय ना," ते म्हणाले. "पण साहेब, तिथला डबा तो तिथला. हा हातात घेऊन आलो की आई काय विचारीत नाय. नायतर सारखी विचारते, तिकडं पोटाला खातोस ना रं?"

यावर मला बोलायला काही सुचलं नाही.

कतारमध्ये मार्च २०२१ पासून सगळ्यांना लागू असलेलं किमान वेतन आहे: महिना एक हजार रियाल. मालकाने राहण्याची सोय केली नाही तर ५०० आणि जेवणाची केली नाही तर ३०० रियाल वर. आखातात असा कायदा करणं ही मोठी गोष्ट होती, ते नाकारायचं कारण नाही. पण ३०० चा भागाकार करून बघा. दिवसाला १० रियाल, त्यात तीन वेळचं जेवण. ओटच्या दुधाचं एक खोकं त्यात बसत नाही. निडोचा मोठा डबा म्हणजे साधारण आठवड्याचं जेवण. काकांच्या हातात दोन होते. म्हणजे 'तिकडे पोटाला खातोस ना' या प्रश्नाचं उत्तर पोटाला चिमटा काढूनच विकत घेतलेलं.

ऐट म्हणून हसणं सोपं आहे, मीही हसतो. पण पर्लवरच्या त्या खोक्याकडेही आता मी जरा वेगळं बघतो. इथे आमचा सगळ्यांचाच मुक्काम नोकरीवर टांगलेला. आज काम गेलं तर थोड्या मुदतीत घर, गाडी, मुलांची शाळा सोडून निघायचं. त्या घरातही कुणीतरी, कदाचित स्वतःलाच, सांगत असेल की बरं चाललंय. देश गाई उडवून सांगतो, ते खोक्याने सांगतात, काका डब्याने. वाक्य एकच. फक्त ते म्हणायला कुणाला वरचे पैसे पुरतात आणि कुणाला जेवणातले काढावे लागतात.

काकांचा नंबर आला. काउंटरवरच्या नेपाळी पोराने दोन्ही डबे पिशवीत घातले, तेव्हा ते त्याला हिंदीत म्हणाले, "एक के ऊपर एक मत रखना भाई, पिचकेगा." पोचा पडलेला डबा शोकेसमध्ये चालत नाही.