ग्रेप मारायचे दिवस

घोडबंदर रोडवरचं मानपाडा तेव्हा ठाण्याबाहेरचं वाटायचं. एका अंगाला येऊरचा डोंगर, रस्त्याकडेला कारखान्यांची कुंपणं आणि रात्रभर गुजरातकडे धावणारे ट्रक. आमच्या ऑफिसात सर्व्हर एक, लॉगची फाइलही एक. काही अडलं की आत शिरायचं, ग्रेप, म्हणजे फाइलमधली ओळ शोधायची कमांड, मारायचा, चुकीची ओळ हाती लागायची. त्या ओळीत वेळ आणि ‘एरर’ याखेरीज फारसं काही नसे. उरलेला सगळा संदर्भ आमच्या सरांच्या डोक्यात. ‘आज सात तारीख ना? मग पगाराची फाइल लटकली असणार,’ हे ते खुर्चीतून न उठता सांगत. सर रजेवर गेले की मात्र सगळ्यांचे हात बांधलेले. त्यांच्या घरचा फोन लागेपर्यंत बसून राहायचं.

आता इथे टॉवर उभे आहेत, डोक्यावरून मेट्रो ४ चा मार्ग गेलाय आणि शेजारच्या पातलीपाड्यात टीसीएसचं मोठं केंद्र आहे. मोबाइलवरचं एक साधं पेमेंट आज कितीतरी सर्व्हिसेसमधून फिरून येतं. प्रत्येकीचा लॉग वेगळा. कुणीच खोटं बोलत नाही, पण अख्खी हकिगतही कुणाकडे नसते.

ती जुळवायची तर एकाच विनंतीचा सगळ्या सर्व्हिसेसमधून माग काढावा लागतो. गूगलने २०१० मध्ये आपल्या ‘डॅपर’ या माग काढणाऱ्या यंत्रणेवरचा शोधनिबंध काढला आणि ही रीत सर्वदूर पोचली. २०१२ मध्ये ट्विटरने झिपकिन हे तसंच साधन खुलं केलं, २०१९ मध्ये ओपनट्रेसिंग आणि ओपनसेन्सस एकत्र येऊन ओपनटेलिमेट्री झालं. वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसीच्या २०२० च्या मानकामुळे ३२ अक्षरांचा ट्रेस आयडी प्रत्येक विनंतीसोबत एकाच ठरावीक पद्धतीने पुढे जाऊ लागला. वाटेतल्या प्रत्येक कामाचा एक स्पॅन: कधी सुरू झालं, किती वेळ लागला.

पण आयडी म्हणजे नुसता ट्रकचा नंबर. माल कुणाचा, किती नग, नाजूक आहे का, हे बिल्टीवर असतं. ‘पेमेंट सर्व्हिस, चार सेकंद’ एवढ्यावरून काय कळणार? त्याच स्पॅनला अॅपची आवृत्ती, पेमेंटचा प्रकार, कितवा प्रयत्न, असे टॅग लावले की रेंगाळलेले सगळे स्पॅन कालच चढवलेल्या आवृत्तीचे आहेत, हे मिनिटभरात दिसतं. टॅग मात्र काम चालू असतानाच लावावा लागतो. तेव्हा जे टिपलं नाही, ते नंतर कितीही शोधलं तरी मिळत नाही.

आणि वाट्टेल ते टिपूनही चालत नाही. आम्ही ग्राहकाचं नाव, मोबाइल नंबर बिनदिक्कत लॉगमध्ये छापायचो. कुणाला त्यात काही वावगं वाटत नसे. आज वैयक्तिक डेटाचा २०२३ चा कायदा आहे. शिवाय ‘बॅगेज’मध्ये, म्हणजे विनंतीसोबतच्या गाठोड्यात, घातलेली माहिती पुढच्या सर्व्हिसेसना आपसूक मिळत जाते, कधी बाहेरच्या कंपनीपर्यंतही पोचते.

जुन्या दिवसांची हुरहुर वाटते ती त्या एका फाइलसाठी नाही, सरांच्या त्या पहिल्या प्रश्नासाठी. तारीख कोणती, ग्राहक कुठला, काल काय बदललं, हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. धंदा जवळून पाहिल्यामुळे सुचायचं. आजच्या पोरांकडे हत्यारं कैक पटींनी चांगली आहेत. पण कोणता टॅग लावायचा, हे कुठलंही हत्यार सांगत नाही. त्यासाठी अजूनही बिलिंगवाल्याच्या शेजारी बसून, महिनाअखेरीला तो का वैतागतो, हे त्यालाच विचारावं लागतं.